एकशेवीस तास आणि एक वेलांटी

आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला मराठी घेणारे विद्यार्थी पाच आहेत. म्हणजे पटावर पाच आहेत. वर्गात कोकिळा असते. बाकीचे चौघे परीक्षेला येतात आणि बाहेर भेटलो तर ओळख दाखवतात, एवढ्यावर मी समाधान मानतो. कोकिळा सोनगीरची. जळगावात मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि पहिल्या बाकावर बसून माझं बोलणं चक्क लिहून घ्यायची. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझं बोलणं लिहून घेणारी माणसं दोनच: एक कोकिळा, आणि दुसरे चौकशी समितीचे सचिव. ती गोष्ट वेगळी.

कोकिळा पुढे एम.ए.ला मराठीच घेणार होती. ती आली आणि इकडूनतिकडून आणखी सहा जण जमले, तर आमचा एम.ए.चा वर्ग एक वर्ष तरी जगणार होता. त्यामुळे तिच्या तब्येतीची, अभ्यासाची आणि लग्नाच्या बोलण्यांची चौकशी मी तिच्या आईबापांपेक्षा जास्त करत असे.

अशात विद्यापीठाचं परिपत्रक आलं. विद्यार्थी नुसता पुस्तकी राहू नये, त्याच्या हाताला काम यावं, म्हणून प्रत्येकाने आपल्या विषयाशी निगडित आस्थापनेत एकशेवीस तास प्रत्यक्ष काम करायचं. नाही केलं तर निकाल राखून ठेवणार. प्राचार्य मॅडमनी मला बोलावलं.

"बडगुजर सर, मराठीचे समन्वयक तुम्ही."

"मॅडम, मराठीशी निगडित आस्थापना म्हणजे?"

"ते तुम्ही ठरवायचं. म्हणून तर समन्वयक." आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पाचांपैकी चौघांनी मला अजिबात त्रास दिला नाही. आठवड्याच्या आत चौघेही शिक्के मारलेली पत्रं घेऊन हजर. एकाच्या काकांचं खतांचं दुकान, एकाच्या मेहुण्यांची डेअरी, एकाच्या मामांचं केळीचं कोल्ड स्टोरेज आणि चौथ्याच्या वडिलांचा स्वतःचा मंगल कार्यालयाचा धंदा. "मराठीशी संबंध काय?" असं मी खतवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सर, पोत्यांवर सगळं मराठीतच असतं." मी सही केली. कोकिळाच्या घरात मात्र शिक्का असलेला एकही नातेवाईक नव्हता. तिचे वडील तांब्याची भांडी ठोकायचे. तिने विचारलं, "सर, मी कुठे जाऊ?"

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी हिलाल नाना राहतात. वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून पूर्ण वेळ सल्ला देतात. त्यांनी संध्याकाळी कंपाउंडवरून सांगितलं, "प्रोफेसर, भरीत सेंटरला लावा पोरीला. मेनू लिहायचा असतो रोज."

"नाना, त्यात एकच पदार्थ असतो."

"मग चुका होणार नाहीत."

आमच्या सौ. सारिका भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला स्वतःला मराठीतून जे काम येतं तेच द्या की तिला."

मी बराच वेळ विचार केला आणि जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि माझी स्कूटर आस्थापना शोधायला निघालो. एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "सर, आमच्याकडे आधीच सतरा जण शिकताहेत. मी त्यांतलाच एक." डाळ मिलच्या मालकांनी चहा दिला आणि "मुलीला टॅली येतं का?" एवढंच विचारलं. मराठीच्या एका सरकारी कार्यालयात अर्ज तीन प्रतींत, वरिष्ठांमार्फत, द्यायचा होता. तो मी दिला. त्याचं उत्तर गेल्या महिन्यात आलं. अर्जात 'मार्फत' या शब्दाखाली सही नसल्याने तो परत पाठवण्यात येत आहे.

मधल्या काळात विद्यापीठाच्या पोर्टलवर कोकिळाची नोंदणी करायची होती. त्यात विषयांची यादी उघडायची आणि आपला निवडायचा. यादीत मराठी नव्हतं. 'मरीन इंजिनीअरिंग' होतं. शेवटची तारीख होती आणि काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. सोनगीरच्या तांबटाची लेक पंधरा दिवस जहाजबांधणीची विद्यार्थिनी होती. तापीला पाणी असतं तर मी तेही जमवलं असतं.

अखेर ईश्वरभाऊ सापडले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दशक्रिया, उद्घाटन. जळगावात माणसाच्या आयुष्यात जे जे घडतं ते वीस बाय दहाच्या मापात ईश्वरभाऊंकडून छापून निघतं. मी विषय काढला तर ते खूशच झाले.

"पाठवा ना सर! माझा डिझाइनवाला रंगाला चांगला आहे, पण मजकुराला कच्चा. मागे 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाढदिवसाला लावून दिली. गिऱ्हाइकाने वाचली नाही म्हणून वाचलो."

मला गहिवरून आलं. भाषेची गरज असलेला माणूस मला या गावात प्रथमच भेटला होता. फक्त एक अडचण आली. पोर्टलवरून आस्थापनेच्या मालकाच्या फोनवर ओटीपी यायचा आणि तो मला टाकायचा होता. ईश्वरभाऊंनी फोन छातीशी धरला.

"ओटीपी नाही देणार, सर. तुम्ही भले माणूस आहात, पण फोन लावला की ती बाई रोज सांगते, कोणालाही द्यायचा नाही."

"अहो, हा विद्यापीठाचा आहे!"

"फसवणारे असंच सांगतात."

सहा दिवस मी त्यांच्याकडे जात होतो. सातव्या दिवशी त्यांनी स्वतःच माझ्या फोनवर तो टाकला, मला भिंतीकडे तोंड करून उभं करून. मी उभा राहिलो. पीएच.डी. आहे माझी.

कोकिळा कामाला लागली आणि तीन आठवडे मी सुखात होतो. ती रोज फोन करायची. "सर, आज 'शुभेच्छूक' काढून 'शुभेच्छुक' केलं." "सर, आज 'उज्वल'ला दुसरा ज दिला." मी स्टाफरूममध्ये हे मोठ्याने सांगत असे. गणिताचे सर म्हणाले, "तुमच्या विषयाला धंदा सापडला म्हणायचा." मी नम्रपणे हसलो. नम्रपणे हसण्याचे प्रसंग मला फार येत नाहीत, त्यामुळे जरा जास्त वेळ हसलो.

तिचे अडुसष्ट तास भरले होते तेव्हा तो फोन आला. मी वर्गात होतो.

"सर, एक मोठी ऑर्डर आहे. धुळ्याकडची. एका मुलीची पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवड झालीय, तिची मिरवणूक आहे. एक वीस फुटी आणि बारा लहान. कागदावर त्यांनी 'हार्दीक' लिहिलंय, ते मी सुधारलं. पण मुलीचं नाव 'दिपमाला' असं लिहिलंय. द ला पहिली वेलांटी."

"दीप दीर्घ!" मी गरजलो.

"हो सर, पण नाव आहे. विचारू का त्यांना?"

"कोकिळा, तीन वर्षं मी तुला काय शिकवलं? दिवा विझला तरी दीप ऱ्हस्व होत नाही. छाप!"

वाक्य मला इतकं आवडलं की मी ते तासाला पुन्हा एकदा सांगितलं. वर्गात कोणी नव्हतं, कोकिळा तर तिकडे छापत होती, पण सांगितलं.

दोन दिवसांनी सकाळी नऊ वाजता ईश्वरभाऊंचा फोन. "सर, जसे असाल तसे दुकानात या."

मी गेलो. कोकिळा कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, डोळे लाल. ईश्वरभाऊंनी फोनचा स्पीकर लावला. पलीकडे मुलीचे वडील होते, तोताराम आबा. नुसते गिऱ्हाईक नव्हते. ईश्वरभाऊंच्या बायकोचे सख्खे मामा होते.

"कोन मास्तर शे तो?" आबांचा आवाज दुकानभर घुमला. "मन्ही आंडेरनं नाव कोनी बदलं?"

आंडेर म्हणजे लेक. मी घसा साफ केला. "आबा, त्याचं असं आहे, संस्कृतातून आलेले शब्द..."

"मी संस्कृतमा नाव नही ठेवेल तिनं!"

फोन बंद झाला. मिरवणूक त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता होती. ईश्वरभाऊ शांतपणे म्हणाले, "सर, मशीनवर नवे बॅनर निघताहेत. बारा वाजता गाडी निघेल. तुम्ही सोबत यायचं, आबांची माफी मागायची. नाहीतर उद्यापासून पोरीने येऊ नये. शहात्तर तासांवर मी शिक्का मारून देतो, पुढचं तुमचं विद्यापीठ बघेल. मला माझ्या घरात राहायचंय."

चव्वेचाळीस तास उरले होते आणि पोर्टल आठवड्याभरात बंद होणार होतं. मी प्राचार्य मॅडमना फोन करून किरकोळ रजा मागितली. कारण विचारल्यावर "ऱ्हस्वदीर्घ" म्हणालो. त्यांना "रक्तदाब" ऐकू आलं. त्यांनी काळजी घ्यायला सांगितलं.

ईश्वरभाऊंची गाडी म्हणजे छोटा हत्ती. पुढे चालवणारा धरून दोघांची जागा. पुढे ईश्वरभाऊ आणि कोकिळा बसले, कारण मुलीला मागे कसं बसवणार? मागच्या हौद्यात मी आणि बॅनर. शाई ओली होती, घडी घालता येत नव्हती, म्हणून वीस फुटांची गुंडाळी तिरकी ठेवून तिचं एक टोक मी मांडीवर धरलं होतं. एरंडोलपर्यंत मी तिला धरून होतो. एरंडोलच्या पुढे ती मला धरून होती. पारोळ्याच्या नाक्यावर गाडी थांबली, तर एक वाहतूक पोलीस वाकून हौद्यात बघायला लागला आणि एकदम ताठ झाला.

"सर! मी तुमचा विद्यार्थी!"

"छान," मी म्हणालो. माझ्या केसांत वाळकं गवत होतं.

"सर, रिटायर झालात का?"

गाडी सुटली म्हणून उत्तर द्यायचं वाचलं.

सोनगीरच्या अलीकडे हायवे सोडून आम्ही आबांच्या गावात शिरलो तेव्हा चार वाजले होते. चौकात मांडव, बँडवाले झाडाखाली बसलेले, आणि दोन बांबूंच्या मध्ये माझ्या दीर्घ वेलांटीचा वीस फुटी बॅनर उलटा करून ठेवलेला. तोताराम आबा पांढऱ्या टोपीत समोर उभे. मी हात जोडले. मनाशी तयार केलेलं वाक्य होतं, त्यात 'अनवधान' हा शब्द होता. तो तोंडातून निघेना.

माझ्या आधी कोकिळा पुढे झाली. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आबा, चूक मनी शे. सरस्नी नही. नवा बॅनर तुमना कागद देखीसन छापेल शे. बठ्ठा देखी ल्या."

तीन वर्षं मी तिला वर्गात अहिराणी बोलू दिली नव्हती. "प्रमाण बोल, कोकिळा," असं म्हणून थांबवायचो. आता मी थांबवलं नाही.

आबांचा चेहरा जरा निवळला. "कोनता गावनी तू, माय?"

"आठलीच शे, आबा. सोनगीरनी."

आबा बाजेवर बसले, तिलाही बसवलं. मग माझ्याकडे बघून, माझ्यासाठी म्हणून शुद्ध मराठीत, हळूहळू बोलले. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. पण ऐका. माझ्या मुलीच्या दाखल्यावर पहिली वेलांटी आणि मार्कशीटवर दुसरी. दोन वर्षांपूर्वी ती पास झाली होती. कागद तपासायला बसले ते साहेब म्हणाले, या दोन वेगळ्या मुली आहेत. तिला परत पाठवलं. धुळ्याच्या किती चकरा मारल्या ते मोजलं नाही मी. सगळीकडे पहिली करून घेतली. ती पुन्हा परीक्षेला बसली. आता कुठे झालं. आणि आज तिच्याच मिरवणुकीत तुम्ही परत दुसरी लावता?"

मी उभाच होतो. पंचवीस वर्षं मी या वेलांटीचे गुण कापत आलो. अर्धा गुण. माझ्याकडे तिची किंमत तेवढीच होती.

"माझंच चुकलं, आबा," मी म्हणालो. "तिने विचारलं होतं, मीच छाप म्हणालो." अनवधान वगैरे काही आठवलं नाही.

आबांनी मान हलवली. माफ केलं की नाही कळलं नाही, कारण तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की बॅनर बांधणारा माणूस बँडवाल्यांबरोबर जेवायला गेला तो परतलाच नाही. पाच वाजत आले होते. ईश्वरभाऊंनी एका बांबूला शिडी लावली, दुसरी माझ्यासमोर आणून ठेवली आणि माझ्या हातात सुतळी दिली. मी वर चढलो. माझा इस्त्रीचा शर्ट, माझे बूट, माझी पदवी, सगळं शिडीवर. खालून गावातली निम्मी माणसं "डावा वर, डावा वर" करत होती. मी उजवा वर करत होतो.

तेवढ्यात मुलगी स्वतः आली. दिपमाला. खाकी अजून मिळाली नव्हती, साडी होती, पण उभं राहणं आत्ताच फौजदारासारखं. तिने वर बघून विचारलं, "सर, तुम्हीच ना ते मराठीचे? खरं सांगा, बरोबर काय आहे? पहिली की दुसरी?"

मी शिडीला घट्ट धरलं.

"तुमच्या कागदावर आहे ती," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. माझ्या व्याख्यानाला इतक्या टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या. त्याच क्षणी ईश्वरभाऊंनी फोटो काढला, कारण पोर्टलवर 'मार्गदर्शक शिक्षकांची प्रत्यक्ष भेट' असा एक रकाना रिकामा होता. त्या पोर्टलने माझ्या हातून आलेली प्रत्येक गोष्ट चार-चार वेळा परत केली होती. हा फोटो पहिल्या फटक्यात घेतला. पुढच्या आठवड्यात प्राचार्य मॅडमनी तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर टाकला, वर 'कृतीतून शिक्षण' असं लिहून. रक्तदाबाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. हिलाल नाना मात्र बोलले. "प्रोफेसर, शिडीचं काम मीही केलंय तीस वर्षं. आधी सांगितलं असतं तर शिकवलं असतं."

कोकिळाचे एकशेवीस तास पूर्ण झाले. तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते, माझ्यासारखेच, म्हणजे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त खचलेले. त्यांनी तिला विचारलं, "'कीर्ती' हे नाव कसं लिहाल? क ला पहिली की दुसरी?"

कोकिळाने उलट विचारलं, "सर, कोणाचं?"

परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पुढे त्यांनी तिला अर्धा तास विचारलं. गिऱ्हाइकाशी काय बोलतेस, मजकूर कोण देतं, चूक कोणाच्या माथी येते. ती सांगत गेली. जाताना ते म्हणाले, "अनुभवाला पूर्ण गुण दिलेत. व्याकरणाचे कापावे लागले, नियम आहे."

निकालानंतर कोकिळा पेढे घेऊन घरी आली. सौ.ने तिला बसवलं. मी एम.ए.चा फॉर्म आधीच आणून ठेवला होता, निम्मा भरलाही होता. तिने तो दोन्ही हातांत घेतला, वाचला आणि टीपॉयवर ठेवला.

"सर, ईश्वरभाऊ धुळ्याला दुसरं दुकान काढताहेत. आबांनीच गाळा बघून दिला. मजकूर आणि गिऱ्हाइकं, दोन्ही मी बघायची असं म्हणताहेत. सोनगीरहून रोज जाता येईल." मग खाली बघून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर नाही जाणार."

मी म्हणालो, "जा." आणखी काय म्हणणार होतो? विद्यार्थ्याच्या हाताला काम यावं, हे मीच समन्वयक म्हणून बावीस ठिकाणी सही करून लिहून दिलं होतं. ती गेल्यावर सौ. म्हणाल्या, "चांगलं झालं की हो." मी हो म्हणालो आणि पेढा घशाखाली उतरवायला पाणी मागितलं. एम.ए.चा वर्ग जूनमध्ये बंद झाला. वर्गाची खोली आता पोर्टलच्या कामासाठी वापरतात.

दिवाळीनंतर पुढचं परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांना कृतीतून शिकवायचं तर शिक्षक स्वतः आधी शिकलेला हवा, म्हणून प्रत्येक शिक्षकानेही आपल्या विषयाशी निगडित आस्थापनेत एकशेवीस तास काम करायचं. मला या वेळी आस्थापना शोधावी लागली नाही.

सध्या सुट्ट्यांमध्ये मी सकाळच्या एसटीने धुळ्याला जातो. कोकिळाने मला खिडकीजवळचा संगणक दिला आहे. मी मजकूर टाइप करतो, ती तपासते, आणि मी एकच बोट वापरतो म्हणून दोनदा बोलली आहे; पण फार प्रेमाने, इतर कोणी नसताना. परवा माझे पहिले चाळीस तास भरले. फॉर्मवर आस्थापनेतल्या मार्गदर्शकाचा अभिप्राय लागतो. तिने दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं, पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पेन बंद केलं. मग परत उघडून लिहिलं.

बसमध्ये बसल्यावर मी तिचा अभिप्राय वाचला. 'शिकण्याची तयारी आहे. सांगितलेलं ऐकतात. वेग कमी आहे. अजून थोडा वेळ द्यावा.'

एकही चूक नव्हती. मी दोनदा तपासलं.